झेरॉक्सच्या दुकानाचा रिव्ह्यू, इतिहासवाल्या पोरांसाठी खास

आधीच सांगते, दुकानाचं नाव टाकणार नाहीये. काकांनीच बजावलंय, "नेटवर बिटवर टाकू नकोस गं, आहे ती गर्दी पुरे मला." सदाशिव पेठेतल्या एका बोळात आहे, मॅपवर सापडत नाही, आणि ज्याला खरंच गरज असते तो डिपार्टमेंटमधल्या कुठल्यातरी सीनियरला विचारून पोचतोच, मी पण तशीच पोचले. मग रिव्ह्यू कशाला? तर "पुण्यात चांगलं झेरॉक्स कुठे" असं विचारलं की सगळे स्वस्त कुठे आणि पटकन कुठे तेच सांगतात, आणि इतिहास करणाऱ्या माणसाला त्यापेक्षा वेगळंच काहीतरी लागतं, ते काय ते मला या दुकानात कळलं. तुमच्या गावात असं कोणी असेल तर ओळखता येईल एवढ्यासाठी हे सगळं.

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली आहे, आणि तो कापलेला स्टार छोटा नाहीये.

आता ज्यांना वाटतं की एमए हिस्टरी म्हणजे रोज किल्ल्यावर जायचं आणि रील टाकायची, त्यांच्यासाठी थोडक्यात. आमचा दिवस लायब्ररीत जातो, नाहीतर झेरॉक्सच्या लाइनीत. कामाची जेवढी म्हणून पुस्तकं आहेत त्या सगळ्यांवर "फक्त संदर्भासाठी" असा जांभळा शिक्का असतो, म्हणजे घरी न्यायचं नाही, जे काय आहे ते तिथेच बसून, आणि कुठे कुठे तासा-दोन तासांसाठी झेरॉक्सला बाहेर नेऊ देतात, आयकार्ड ठेवून. माझा विषय पेशवाईतलं पुण्याचं पाणी, म्हणजे नानासाहेबांनी कात्रजहून आणलेला नळ, पेठांमधले हौद, कोणाच्या वाड्याला पाणी मिळायचं आणि कोणाला नाही, असलं. यासाठी एक पुस्तक घेऊन बसलं आणि झालं असं नसतं. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदांतून, निवडून काढलेल्या कागदांचे ४५ खंड आहेत, १९३० ते १९३४ मध्ये छापलेले, त्यातल्या एका खंडात दोन पानं, दुसऱ्यात अर्धं पान, तिसऱ्यात नुसती एक ओळ, असं वेचत बसायचं. म्हणजे वर्षअखेरीला तुमच्याकडे जे असतं ते पुस्तकं नसतातच, सुट्ट्या पानांचा ढीग असतो. नातेवाईक विचारतात पुढे काय, एमपीएससी का, तेव्हा त्या ढिगाकडे बघून खरंच काही बोलता येत नाही.

तर त्या ढिगाचं काय होतं यात या दुकानाची सगळी किंमत आहे.

तुम्ही पुस्तकातली दहा पानं सांगितली तर काका बारा देतात. दोन जास्तीची. एक शीर्षकाचं पान आणि एक त्याच्या मागचं, ज्यावर साल, आवृत्ती, छापखाना असतं ते. पैसे दहाचेच घेतात. नवीन पोरगं हमखास वाद घालतं, काका ही पानं मी सांगितलीच नव्हती, त्यावर काका मान वर न करता "लागतील" म्हणतात आणि पुढच्याचं पुस्तक घेतात.

आणि लागतातच हो. ज्याने डेझर्टेशन लिहिलंय त्याला माहितीये, शेवटच्या आठवड्यात तळटिपा लावत बसलेलो असतो, हातात एक पान येतं, मजकूर अगदी हवा तोच, मार्करने पिवळं पण केलेलं आहे, आणि पुस्तक कुठलं, खंड कितवा, कोणी काढलं, कधी, काही पत्ता नाही. ते पान मग असून नसल्यासारखं. गाईडला "सर वाचलं होतं कुठेतरी" सांगून बघा एकदा. आम्हाला पहिल्या सेमिस्टरला संशोधनपद्धतीच्या पेपरात महिनाभर जे शिकवलं, कागद काय सांगतो याच्या आधी कागद कुठून आला ते विचारा, ते या माणसाने दोन जादा झेरॉक्समध्ये बसवलंय. आणि तो स्वतः बारावी कॉमर्स आहे, हे त्यानेच सांगितलंय, थोड्या अभिमानाने. वर्षानुवर्षं पोरं परत येऊन "काका ते पुस्तक कुठलं होतं आठवतंय का" विचारायची, त्याला कंटाळून सुरू केलं म्हणे.

फोनवर फोटो काढणारे म्हणतील एवढं कशाला, आम्ही ॲपवर स्कॅन करतो. मी पण करते. पण त्यात नेमकं हेच होतं, गॅलरीत शेकडो पानं आणि एकाचंही मूळ माहिती नाही, शिवाय पान वाकडं, मधल्या घडीतली अक्षरं गिळलेली आणि बोटाची सावली. ॲप वापरा, पण पहिला फोटो शीर्षकाच्या पानाचा काढा, हे काकांचं ज्ञान फुकट घ्या माझ्याकडून.

दुसरं म्हणजे जुन्या पुस्तकाला हात कसा लावायचा. १९२०-३०च्या सुमाराची मराठी पुस्तकं म्हणजे आता पापड झालेत. लाकडाच्या लगद्याचा गिरणीतला कागद, त्यात आम्ल असतं, ते आतून कागद खात राहतं, आधी पिवळा, मग तपकिरी, मग कोपरा नुसता वळला तरी तुकडा हातात. गंमत बघा, त्या पुस्तकात जी अठराव्या शतकातली पत्रं छापलीत ती मूळ पत्रं, जिथे वाळवी आणि पाणी लागलं नाही तिथे, या पुस्तकापेक्षा धडधाकट आहेत. कारण तो हातकागद, चिंध्यांपासून केलेला, आपल्याकडे जुन्नरला व्हायचा, दौलताबादजवळ कागजीपुऱ्यात व्हायचा, आणि वरची शाई काजळाची, ती उडत नाही. पेशवे दप्तरात, म्हणजे आताच्या पुणे पुराभिलेखागारात, रुमालात बांधलेली ती पत्रं पहिल्यांदा बघितली तेव्हा मला हेच जास्त आश्चर्य वाटलं होतं, की अडीचशे वर्षांपूर्वीचा कागद मऊ आहे आणि नव्वद वर्षांपूर्वीचा कुरकुरीत.

बाकी ठिकाणी काय करतात, पुस्तक पूर्ण उघडून काचेवर उपडं टाकतात आणि वरून झाकण दाबतात, कण्यातून कटकन आवाज येतो तो आपल्याच पाठीत येतो. एका ठिकाणी (नाव नाही घेत) तर पोरगा मला म्हणाला पानं सुट्टी करून द्या, फीडरला लावतो, पटकन होईल. लायब्ररीचं पुस्तक! काका पुस्तक काचेच्या कडेला धरतात, अर्धंच उघडतात, एक पान काचेवर आणि बाकीचं पुस्तक कडेवरून खाली त्यांच्या डाव्या हातात, आणि झाकण लावतच नाहीत, वरून काळं कापड टाकतात. एका वेळी एकच पान. वेळ लागतो, हात दुखतो त्यांचा, म्हणून अशा पुस्तकांना पानाला तीन रुपये, एरवी दीड. दुप्पट आहे, आणि मला अजिबात जास्त वाटत नाही.

मूळ जुने कागद मात्र घेत नाहीत. कोणी घरची सनद बिनद घेऊन आलं तर तो उजेड नि उष्णता त्याला चालणार नाही म्हणून परत पाठवतात, खिडकीपाशी न्या, फ्लॅश बंद करा आणि फोनवर फोटो काढा, प्रिंट मी मारून देतो. गिऱ्हाईक परत पाठवणारा पुणेरी दुकानदार म्हटल्यावर तुम्ही हसाल, पण इथे कारण बरोबर आहे.

मोडीवाल्यांनी, म्हणजे जुनी मोडी लिपी वाचणाऱ्यांनी, हा भाग नीट वाचा. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारून घेतात आणि मग अक्षरं तिला लटकवत जातात, दोन शब्दांत जागा नसते, हे शिकलेल्यांना माहितीये. आता असल्या पत्राच्या फोटोची किंवा छापील प्रतिमेची कॉपी काढली आणि मशीनवाल्याने डार्क वाढवलं की मागच्या बाजूची शाई पुढे येते, रेघा एकमेकींत घुसतात आणि सगळा चिखल. लाइट केलं की बारीक वळणं गायब. काका छापील पानाच्या मागे काळा कागद ठेवतात, त्याने मागचं पुढे दिसणं बऱ्यापैकी थांबतं, मग एक नॉर्मल आणि एक किंचित लाइट अशा दोन कॉपी काढून विचारतात कुठली वाचता येते. मोडी त्यांना येत नाही हां, अक्षर ओळखत नाहीत एकही. पण कुठली कॉपी वाचणाऱ्याला आवडेल ते ओळखतात.

हे नखरे वाटत असतील तर तारखा बघा. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन, म्हणजे वर्षं मोजायची तेव्हाची एक पद्धत, अरबी भाषेतल्या आकड्यांच्या नावांनी, अक्षरात लिहिलेलं असतं. इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७६०-६१, पानिपतचं साल. आता त्यातलं सितैन पुसट आलं आणि कोणी सबैन वाचलं तर साठाचे सत्तर, म्हणजे नानासाहेबांच्या काळातला कागद एकदम थोरल्या माधवरावांच्या काळात. नळ कोणी दुरुस्त केला हेच बदललं की! आणि मशीन चारी बाजूंनी दोन-चार मिलिमीटर खातं, त्यात समासातला शेरा किंवा शेवटची तारीख गेली तर संपलंच, म्हणून काका असली पानं पंच्याण्णव टक्क्यांवर काढतात, सगळ्या कडा आत येतात.

नकाशाचं पण सांगते. कात्रजचा टोपोशीट, म्हणजे डोंगर-ओढे दाखवणारा नकाशा, मोठा करून हवा होता, एफोरचं एथ्री, म्हणजे १४१ टक्के. काका म्हणाले, करतो, पण इथे १:५०,००० लिहिलंय ते खोटं पडेल, खालची पट्टी तेवढी खरी राहील. बरोबर आहे, पट्टी नकाशाबरोबरच मोठी होते, लिहिलेला आकडा होत नाही. हे मला आमच्याकडे कोणी सांगितलं नव्हतं.

कॉपीराइट. हा विषय काढू नका, काढलात तर खुर्ची घेऊन बसा. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिसने दिल्ली युनिव्हर्सिटीतल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसवर केस टाकली होती, कोर्स पॅक, म्हणजे अभ्यासाला लागणाऱ्या पुस्तकांतल्या पानांचे गठ्ठे, झेरॉक्स करून विकतात म्हणून, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ती फेटाळली, शिकवण्यासाठी लागणारं साहित्य कायद्यातल्या अपवादात बसतं म्हणून. डिसेंबरात अपिलात दोन न्यायाधीशांनी काही गोष्टी तपासायला केस परत पाठवली, पण मुद्दा तोच टिकला. हे काकांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, साहजिकच आहे, पोटाचा प्रश्न. पण त्यांचा स्वतःचा नियम कोर्टाहून कडक आहे. दुकानात मिळणारं नवीन मराठी पुस्तक अख्खं झेरॉक्स करून देत नाहीत, एक प्रकरण देतात, उरलेलं अप्पा बळवंत चौकात जाऊन विकत घे म्हणतात. जुन्यांचं वेगळं, आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क असतो, इतिहासकार राजवाडे गेले १९२६ ला, सरदेसाई १९५९ ला, दोघांचंही मोकळं झालंय, त्यामुळे खंडच्या खंड मारून घ्या. मित्राने एकदा महाग इंग्रजी पुस्तक अख्खं मारायला आणलं, सहा हजार किंमत, तेव्हा मात्र काका नुसतेच पुस्तकाकडे आणि त्याच्या चपलांकडे बघत राहिले आणि म्हणाले, तीन दिवसांत तीन भाग करून आण. नियमांना पण माणुसकी असते म्हणायची.

काउंटरवर भेटणारी माणसं हा बोनस. साताऱ्याच्या प्रतिसरकारवर पीएचडी करणारे एक सर, नाण्यांवर काम करणारी एक जण, नेटच्या परीक्षेचे जुने पेपर मारणारे बरेच, आणि आधार कार्डवाले. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायचं सुरू झाल्यावर मोडी कागदांच्या नकला घेऊन लोक यायला लागले, गावाकडून, सकाळची एसटी पकडून, आणि काका लाइनीत उभ्या असलेल्या आमच्यापैकी कोणाला तरी हाक मारतात, "बघ गं जरा, यांचं गाव आलंय का यात." आपण वाचून सांगतो एवढंच, दाखल्यासाठी अधिकृत वाचणाऱ्याकडूनच करून घ्यावं लागतं आणि ते त्यांना स्पष्ट सांगायचं. पण आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी "इतिहास करून काय मिळतं" न विचारता हात जोडले, ते एका आजोबांनी, या दुकानात, आणि मला काय करावं कळेना, मी पण जोडले.

आता कापलेला स्टार.

कॉम्प्युटर. झेरॉक्समध्ये देवमाणूस असलेला हा माणूस प्रिंटिंगमध्ये पूर्ण बेशिस्त आहे. सगळे जण व्हॉट्सॲपवर फाइल पाठवतात, ती डेस्कटॉपवर उतरते आणि तिथेच राहते. कायमची. मी माझी फाइल शोधताना दुसऱ्या कोणाचा तरी अख्खा सिनॉप्सिस, तिसऱ्याचं दोन प्रकरणांचं ड्राफ्ट, गाईडच्या कमेंट्ससकट, आणि एका मॅडमचं पॅन कार्ड बघितलंय. कोणीही उचलू शकतं. रिसर्च करणाऱ्यांचा विषयच चोरीला गेला तर? बोलले मी, दोनदा तरी बोलले असेन, "कोण बघतंय गं" हे उत्तर. मी बघितलं ना काका! त्यामुळे माझा सल्ला, प्रिंट झाली की स्वतः माउस हातात घ्या, फाइल डिलीट करा, रीसायकल बिनमधून पण, आणि मगच पैसे द्या. पेन ड्राइव्ह तर चुकूनही नेऊ नका, तिथे लावलेला ड्राइव्ह घरी आला की फोल्डरचे शॉर्टकट झालेले असतात.

दुसरं, मराठी फाइल वर्डमध्ये दिलीत तर तिथे फॉन्ट नसतात, जोडाक्षरं फुटतात, "ऱ्या"चं काहीतरी भलतंच निघतं आणि पानं पुढेमागे सरकली की अनुक्रमणिका खोटी. पीडीएफ करूनच न्या. याला त्यांची चूक म्हणत नाही, सगळीकडे तेच आहे.

बायंडिंग मात्र चांगलं. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, अडीचशे रुपये. डावीकडे दीड इंच समास सोडलाय का हे आधी तपासतात, नसेल तर परत पाठवतात, कारण शिवणीत ओळींची सुरुवात जाते. कव्हरवर काय छापायचं ते कागदावर लिहून सही घेतात, त्यामुळे नंतर भांडायला जागा नाही. स्पायरल पन्नास, पण जाड गठ्ठा असेल तर दोन भाग करा, त्यांच्याकडे मोठ्या रिंगा नसतात आणि लहानीत कोंबलं की भोकं फाटतात. आणि झेरॉक्स चकचकीत प्लास्टिकच्या फाइलमध्ये भरून ठेवू नका, वर्षभराने शाई प्लास्टिकला चिकटून येते, हेही त्यांचंच, मी घरी जुनी फाइल उघडून बघितलं तर खरंच अर्धा मजकूर प्लास्टिकवर उलटा.

दुपारी एक ते चार बंद, यावर जोक करायचे असतील तर करा, काकांना सगळे माहितीयेत. यूपीआय चालतं, पण वीस रुपयांच्या खाली रोख द्या. एप्रिल-मे मध्ये इंजिनिअरिंगची जर्नल्स येतात तेव्हा जुन्या पुस्तकांचं काम ते सरळ घेत नाहीत, घाईत पान फाटतं म्हणतात, त्यामुळे दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत उरकून घ्या. घाई असेल, नवीन पुस्तक असेल, नोट्स पाठपोट मारून हव्या असतील तर इथे येऊच नका, कुठलंही फीडरवालं दुकान निम्म्या वेळात देईल, आणि आमची लाइन तेवढी कमी होईल.